पहिल्या बर्फाचा निरोप्या

काबूल, ११ जदी १३५१ (जानेवारी १९७३)

जरमीनाजान,

सलाम. तुझ्या थोरल्या बहिणीने आज गल्ली जिंकली! हसून हसून बरगड्या दुखतायत, तरी आधी तुला लिहायला बसले.

आज पहाटे दार उघडलं तर अंगण पांढरंशुभ्र. यंदाचा पहिला बर्फ. आणि पहिला बर्फ म्हटलं की मी सावध. गेल्या वर्षी शेजारच्या कोकोगुलने मला कसं फसवलं ते तुला लिहिलं होतं ना? गरम नान पाठवली, मी बया हौसेने मोडली, तर आत तिची बर्फी! तुमच्या जलालाबादेत हिंदू हलवाई विकतात ती नव्हे गं, आपली बर्फी. की तिकडे राहून विसरलीस? पहिल्या बर्फाच्या दिवशी चिठ्ठी पाठवायची, ‘बर्फ आमचा, मेजवानी तुमची’. हातात घेतली की मेलो, जेवण घालावं लागतं. पण आणणारा पळून जायच्या आत त्याला धरलं, तर तोंडाला काजळी फासून परत पाठवायचा आणि पाठवणाऱ्याकडे जेवायला जायचं. गेल्या वर्षी कोकोगुलचं अख्खं खटलं माझ्याकडे खिम्याचे वाफवलेले मंतू चापून गेलं. यंदा म्हटलं, ये तू.

आणि आला की नाही एक जण! चांगला उंचापुरा पठाण, ही एवढी मिशी. दारात उभा राहून कागद पुढे करतो. मी हात पाठीमागे बांधले. छतावरचा बर्फ ढकलायला हजारा जमातीचे दोघे गडी आलेले होते, त्यांना हाक मारली, ‘धरा रे याला!’ गंमत सांगू? मूर्ख पळालासुद्धा नाही. बावळटासारखा उभा, पश्तोत काहीतरी सांगतोय, हसण्याच्या गलक्यात ऐकतंय कोण, कागद नाचवतोय. नाटक मात्र झकास करत होता हं. कोकोगुलने कुठून शोधून आणला कोण जाणे. मी शोरब्याच्या पातेल्याची बुडाची काजळी घेतली आणि मिशांसकट रंगवला त्याला. वर ठणकावून सांगितलं, ‘ज्याने पाठवलंय त्याला जाऊन सांग, माहताबच्या दारात असल्यांना थारा नाही. जा, हेच काळं तोंड दाखव जाऊन!’ हजारा गडी लोळायचे बाकी होते.

कोकोगुल अजून घराबाहेर पडलेली नाही. तोंड लपवून बसली असणार. आठवडाभराने जाऊन मेजवानी मागते.

बाकी ठीक. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दिवस फार लांब झालेत. संदलीच्या, निखाऱ्यांच्या शेगडीवर पांघरलेल्या रजईत पाय घालून बसते, समोरची बाजू रिकामी. चौघांची संदली एकटीसाठी पेटवायची म्हणजे कोळशाची नासाडी, पण लहान आणायला मन होत नाही. यासीनचं तुला काही कळतं का? मला कळवायचं नाही अशी त्याने शपथच घेतलीय. चार वर्षं झाली. त्याने दुसरीच पसंत केली म्हणून मी रागात बोलले, ‘या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस.’ आई बोलते गं असं! ते धरून बसायचं असतं का? त्याच्यासाठी ठरवलेल्या मुलीकडची साखरपुड्याची शीरीनी मला स्वतःच्या हाताने परत करावी लागली, लोक काय काय बोलले, ते नाही त्याला दिसत. जाऊ दे. आजचा दिवस हसण्याचा.

नारिंगं पाठव. तुझं नारिंग पिळल्याशिवाय मासळी घशाखाली उतरत नाही.

तुझी माहताब


जलालाबाद, १६ जदी

हमशीराजान,

तुमचं पत्र काल मिळालं.

तो माणूस कोकोगुलचा नव्हता. तो लालगुल. आमची नारिंगं काबूलला नेतो त्या ट्रकचा ड्रायव्हर. त्याच्या हातातलं पत्र यासीनचं होतं.

माझ्यावर चिडा, काय वाटेल ते बोला, पण आता सगळं सांगते. यासीन महिनाभर माझ्याकडे होता. बायको आणि मुलगी बरोबर. हो, मुलगी झालीय तुमच्या मुलाला. मरजान नाव ठेवलंय, सात महिन्यांची आहे. छाती नाजूक आहे पोरीची. त्यांच्या पुल-ए-खुमरीच्या थंडीत सारखी खोकायची, म्हणून डॉक्टर म्हणाले हिवाळ्यात गरम मुलखात न्या. त्याने मला लिहिलं, मी म्हटलं या. तुम्हाला कळवलं नाही, कारण त्याने मला बजावलं होतं, ‘खाला, आईला मीच सांगेन.’

महिनाभर मी त्याच्या मागे लागले होते. शेवटी तयार झाला. म्हणाला, ‘आईने उंबरा बंद केलाय, विचारल्याशिवाय नाही जाणार.’ चिठ्ठी लिहिली, बायको-मुलीला घेऊन येऊ का म्हणून. लालगुल निघालाच होता, त्याच्याकडे दिली. ‘ती हो म्हणाली तर परवाच निघतो,’ म्हणाला. नेकबख्तने, म्हणजे तुमच्या सुनेने, पोरीसाठी लाल मखमलीचं झबलं शिवायला घेतलं. आजीला दाखवायचं म्हणून.

दुसऱ्या संध्याकाळी लालगुल परत आला. भर पावसात, तोंडावर काळे ओघळ, मिशीत काजळी. रडकुंडीला आलेला. त्याने तुमचा शब्द न् शब्द सांगितला. असल्यांना थारा नाही. हेच काळं तोंड दाखव जाऊन. कागदाला शिवल्याही नाहीत म्हणाला. गल्लीतले लोक हसत होते म्हणाला.

हमशीराजान, इथे पाच दिवस नुसता पाऊस कोसळतोय. नारिंगांच्या बागेत घोटाभर पाणी. काबूलला बर्फ पडला असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. माझी हयात इथे गेली, इथे कधी बर्फ पाहिलाय का मी? बर्फी हा शब्दच विसरून गेले होते. लालगुल बिचारा इथलाच, त्याने तर ऐकलेलाही नाही. आणि यासीनला त्या वेळी काय सुचणार? नेकबख्त रडायला लागली. तिला म्हणाला, ‘सामान बांध.’ मी दारात आडवी झाले, पोरीचा खोकला, सालंगचा घाट, सगळं सांगून पाहिलं. ऐकलं नाही. १३ तारखेच्या बसने गेले ते. बस काबूलवरूनच जाते, तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली असेल.

पोहोचल्याचा काही निरोप नाही. रेडिओवर सालंग बंद म्हणतायत.

तुमची जरमीना


काबूल, २१ जदी

जरमीना,

चार वर्षं तू त्याला पत्रं लिहीत होतीस. मी प्रत्येक पत्रात विचारत होते, यासीनचं काही कळतं का, आणि तू मला नारिंगांचा भाव कळवत होतीस. नात झाली ते मला सात महिन्यांनी कळतं, तेही ती घाटात अडकल्यावर! सख्खी बहीण ना तू? वैरीण बरी.

आणि मी तरी कोण? मी त्याच्या चिठ्ठीला हातही लावला नाही. हातात घेतली असती तर काय झालं असतं, कोकोगुलला मंतू घातले असते, एवढंच ना! एका मेजवानीसाठी, जरमीना.

तुझं पत्र आलं तशी कोकोगुलकडे धावले. ती बिचारी तापाने फणफणलेली, रजईतून म्हणते, ‘माहताबजान, यंदा मी कसली बर्फी पाठवतेय, मला उठवत नाही.’ मी तिच्या पायाशी बसून रडले. तिला वाटलं मी तिच्या दुखण्यासाठी रडतेय. मलाच धीर देत होती.

तेव्हापासून रोज उत्तरेच्या बस सुटतात त्या सराईत जाते. गल्लीत बर्फाचा नुसता आरसा झालाय, दोनदा पडले, कोपर सुजलंय. सराईत सगळे ओळखायला लागलेत. ‘मादर, आजही बंद,’ मी विचारायच्या आधीच सांगतात. घाटात बोगद्याच्या अलीकडे हिमाचा कडा कोसळला, दोन बस गाडल्या गेल्या म्हणे. कुठल्या, कोणाला माहीत नाही. एक म्हणतो मजारच्या, एक म्हणतो कुंदूजच्या. ड्रायव्हर चहा पितात आणि मृतांचे आकडे सांगतात, प्रत्येकाचा आकडा वेगळा. मी तिथे उभी राहून ऐकते. निघावंसं वाटत नाही, कारण घरी काय आहे?

यासीनला पत्र लिहिलंय. सगळं लिहिलं, बर्फ पडला होता, मला कोकोगुलचा माणूस वाटला, चूक माझी, पदर पसरते, माफ कर. एका ड्रायव्हरला दिलंय, घाट उघडला की पहिल्या बसने जाईल. यासीन जिवंत असेल तर वाचेल.

पोरीला खोकला किती होता ते खरं खरं लिही. लपवू नकोस आता.

माहताब


जलालाबाद, ३ दलव

हमशीराजान,

तुमचं पत्र फार उशिरा मिळालं. पावसाने काबूलचा रस्ता वाहून नेलाय, टपाल खेचरांवरून येतंय. आमची बागेची भिंत पडली. ह्यांना दम्याने घेरलंय. इतका पाऊस मी जन्मात पाहिला नाही.

वैरीण म्हणालात, म्हणा. पण दार मी लावलं नव्हतं. तुम्ही लावलंत म्हणून तो माझ्या दारात आला. मीही त्याला हाकललं असतं तर कुठे गेला असता तो? तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही मलाच लिहिलं असतंत, ‘त्याचं नाव काढू नकोस.’ पहिल्या वर्षी लिहिलं होतंत तसं. विसरलात? मी नाही विसरले. रागावून नाही सांगत, आठवण करून देतेय फक्त.

पोरीचा खोकला थांबत आला होता. खरं सांगते. निघताना गाल लाल होते तिचे. मी तिला माझी लोकरीची शाल गुंडाळली, दोन पदरी. नेकबख्त चांगली मुलगी आहे, हमशीराजान. तुम्हाला आवडली असती. आवडेल, असं लिहायला हवं होतं मी.

इथेही निरोप नाही. मी रोज लालगुलला विचारते. तो म्हणतो, ‘बीबी, मला कळलं असतं तर मी काजळी पुसूनच परत आलो असतो.’ साबणाने तोंड घासघासून सोललंय त्याने.

जीव सांभाळा. सराईत जाताना चपलेला गोणपाट बांधत जा.

जरमीना


पुल-ए-खुमरी, १० दलव

मादरजान,

आम्ही तिघंही सुखरूप आहोत. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

बोगद्याच्या आधीच बस अडकली. पुढे कडा कोसळला, मागेही कोसळला. गाडीचं इंजिन थंड झालं. मरजानला मी कोटाच्या आत, सदऱ्याच्याही आत, छातीशी धरून होतो. रस्त्यावरच्या मजुरांनी फावड्यांनी वाट काढून आम्हाला त्यांच्या खोलीत नेलं. तिथेच राहिलो घाट उघडेपर्यंत. मरजानला ताप आला, उतरला. आता रांगते.

तुमचं पत्र मिळालं. चार पानांत चार वेळा माफी मागितलीत. म्हणून हे लिहितोय, नाहीतर लिहिणार नव्हतो.

मादरजान, मला तेव्हाच कळलं होतं. लालगुल दारात आला, त्याची मिशी पाहिली आणि मला कळलं, काबूलला बर्फ पडलाय. मी त्याच गल्लीतला आहे ना. लहानपणी तुम्ही ओरडायचात आणि मीच धावून निरोप्याचे पाय धरायचो. काजळी लावणारं बोट तुमचं, हे मला मैलावरून ओळखता येतं. हसूच आलं होतं मला. तोंडापर्यंत आलं होतं.

मग मी हसलो नाही. नेकबख्त रडायला लागली होती, खाला छाती पिटत होती, लालगुल शपथा घेत होता. आणि मला वाटलं, बरं झालं. आता जायला नको. मी महिनाभर नुसता घाबरत होतो. तुम्ही दार उघडाल, माझ्या बायकोकडे खालून वर बघाल, गिरणी कामगाराची मुलगी म्हणून, आणि एखादा शब्द बोलाल. तुम्ही बोलता. मग ती तो शब्द जन्मभर जपेल आणि मी मध्ये उभा. त्यापेक्षा हे सोपं होतं. आईने हाकललं, संपलं. नवी चिठ्ठी मी तासाभरात पाठवू शकलो असतो. नाही पाठवली.

त्या बसमध्ये नेकबख्त म्हणत होती, ‘तुमच्या आईच्या तळतळाटाने मरतोय आपण.’ तेव्हाही मी गप्प बसलो. अजून तिला सांगितलेलं नाही. तिच्या माहेरी ही बर्फीची रीत नाही, सांगितलं तरी ती म्हणेल, मग माझ्या लेकराला त्या घाटात कशाला नेलंत?

तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, एवढ्यासाठी लिहिलं.

यासीन


पुल-ए-खुमरी, ६ हूत

जरमीनाजान,

पत्ता पाहून दचकू नकोस. मी इथे सराईत बसलेय, काबूलची बस तासाभरात सुटेल. यासीनचं पत्र मी तुला पाठवलं होतं, ते वाचून परत पाठवताना तू लिहिलंस, आता तरी तुमचं ओझं उतरलं असेल. नाही गं उतरलं. चूक माझी होती तोवर बरं होतं. माझी चूक मी निस्तरली असती. हे कसं निस्तरायचं? माझं पोर मला इतकं भितं, की मला भेटण्यापेक्षा त्याला सालंगचा घाट बरा वाटला. पत्र वाचलं आणि रात्रंदिवस तेच. शेवटी कोकोगुलकडे किल्ली दिली आणि बसमध्ये बसले. कोणाला विचारलं नाही, कळवलं नाही.

काल दुपारी पोहोचले. गिरणीच्या चाळीत घर आहे त्याचं. दार नेकबख्तने उघडलं. मला ओळखणार कशी? ‘कोण पाहिजे, खाला?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘काबूलहून आलेय, पाय गारठलेत.’ दुसरं काही सुचलंच नाही. तिने पुढे काही विचारलं नाही. आत घेतलं, संदलीशी बसवलं, पाय स्वतःच्या हाताने रजईत घातले. चहात वेलची घातली. मरजान रांगत आली आणि माझी बांगडी तोंडात घालायला लागली. वरचे दोन दात आलेत. नाक आपल्या अब्बाचं, तसंच फेंदारलेलं.

नेकबख्त म्हणाली, ‘काबूलची माणसं तुमच्यासारखी असतात होय? मला वाटलं सगळी माझ्या सासूसारखी.’ मग सगळं सांगायला लागली. माणसाचं तोंड काळं केलं, थारा नाही म्हणाली, आमचं लेकरू मरता मरता वाचलं. बोलता बोलता रडली. मी ऐकत होते.

जरमीना, यासीनचं पत्र माझ्या कमरेला होतं. सोबत का आणलं, खोटं नाही सांगत, याचसाठी आणलं होतं. तिच्या हातात ठेवलं असतं तर? वाचता येतं तिला, सातवी शिकलीय. एका मिनिटात मी सुटले असते. ओठावर आलं होतं, ‘पोरी, तुझ्या नवऱ्याला सगळं माहीत होतं.’

मग तिच्याकडे पाहिलं. त्या घाटात लेकराला छातीशी धरणारा तो नवरा, तेवढ्या एका गोष्टीवर तिचं घर उभं आहे. वारंवार तेच सांगत होती, ‘त्यांनी सदऱ्याच्या आत धरली होती हो, रात्रभर.’ माझ्या मुलाचं तोंड त्याच्या बायकोसमोर काळं करायला मी एवढा घाट चढून आले होते का?

म्हटलं, ‘ती सासू मीच. चुकले मी. राग होता माझ्या मनात, लोकांसमोर तोंडाला येईल ते बोलले. तुझ्या लेकराचा जीव धोक्यात घातला. माफ कर.’ बर्फीचं नावही काढलं नाही. बर्फीचं सांगितलं असतं तर तिने त्याला विचारलं असतं, तुम्हाला कसं नाही कळलं?

तिने मरजानला माझ्याजवळून उचलून घेतलं. मला वाटलं, आता दार दाखवते. पण पोरीला दूध पाजून झाल्यावर पुन्हा आणून माझ्या मांडीवर ठेवली. ‘वयाने मोठ्या आहात, एवढ्या लांबून आलात,’ म्हणाली, ‘मी काय बोलू?’ आणि तांदूळ निवडायला बसली.

यासीन संध्याकाळी आला. दारातच थिजला. नेकबख्तने त्याला माझ्यासमोरच सांगितलं, ‘तुमच्या आईने माफी मागितली. म्हणाल्या, रागाने केलं. तुम्हीही सोडून द्या आता.’ त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मी थांबले, जरमीना. आता बोलेल, आता बोलेल म्हणून थांबले. ‘नाही, नेकबख्त, तसं नव्हतं,’ एवढंच म्हणायचं होतं. पुरे होतं मला.

तो म्हणाला, ‘बरं केलंत आलात, मादरजान.’ आणि हात धुवायला गेला.

मला वाईट वाटलं. लिहितानाही वाटतंय. जेवताना पुलावाच्या थाळीतले मऊ मऊ तुकडे शोधून माझ्या बाजूला सारत होता, पण मान वर करत नव्हता. मी सगळे खाल्ले. नेकबख्त नवरोजपर्यंत राहा म्हणतेय, मनापासून म्हणतेय. मी म्हटलं, छतावर बर्फ साचला असेल, जायला हवं. तिथे राहिले असते तर तो जन्मात मान वर करू शकला नसता.

पत्र चुलीत घातलं मी, आज सकाळी, नेकबख्त पाणी आणायला गेली तेव्हा. आता ते तुला, मला आणि त्याला ठाऊक.

नेकबख्त तुला लिहिणार आहे. लिहील, खाला, सासूने आपला दोष कबूल केला, स्वभावाने कडक आहेत पण मनाने बऱ्या आहेत. तू तिला समजावत बसू नकोस. हो, माहताब पहिल्यापासून तशीच, असं लिही.

तुझी माहताब